उधव्याच्या वेशीवर दोन निवेदने

(डहाणू व तलासरी परिसरातील कार्यकर्ते आणि नागरिक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तलासरीहून पूर्वेकडे निघाले की उधवा लागते आणि उधव्याच्या पुढे थोड्याच अंतरावर दादरा-नगर हवेलीची हद्द सुरू होते. आज त्या हद्दीवरून नोकरदार, विद्यार्थी, बाजारकरी दिवसभर ये-जा करतात. कोणी कोणाला अडवीत नाही, कोणी परवाना मागत नाही. ११ ऑगस्ट १९५४ रोजी मात्र ही दोन राष्ट्रांमधली सीमा होती. त्या दिवशी नगर हवेलीचा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हर्जिलियो फिदाल्गो आपल्या उरल्यासुरल्या सशस्त्र पोलिसांसह उधव्याला आला आणि भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. सुमारे एकशे सत्तर वर्षांच्या परकीय सत्तेची अखेर आपल्या तालुक्याच्या वेशीवर झाली.

ही घटना इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत एका ओळीत संपते. परंतु युद्धाच्या आणि सशस्त्र संघर्षाच्या काळात सरकारे जी निवेदने काढतात ती कशी वाचावीत, याचा धडा घ्यायचा असेल तर त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. तो धडा उधव्यालाच आहे.

एक घटना, दोन निवेदने

प्रथम घडले ते पाहू. २१ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखाली दादरा येथील पोलीस ठाण्यावर चाल केली. त्या झटापटीत ठाण्याचा अधिकारी अनिसेतो दु रोझारिओ आणि आंतोनियो फर्नांडिस नावाचा शिपाई ठार झाले. २८ जुलैला नरोली मुक्त झाली. आझाद गोमंतक दल आणि पुण्या-मुंबईहून आलेले स्वयंसेवक यांनी २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा फडकविला. या तुकडीत राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बिंदुमाधव जोशी, वसंत झांजले, बाबासाहेब पुरंदरे अशी मंडळी होती. मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला होता. आपल्या भागातील वारली बांधवांना संघटित करणारे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांचे कम्युनिस्ट कार्यकर्तेही या लढ्यात उतरले होते. विचारांचे मतभेद कितीही तीव्र असोत, सत्य सांगताना कोणाचे नाव गाळू नये. सीमेवर मुंबई राज्याचे राखीव पोलीस होते. दमणहून कुमक येण्याची वाट बंद होती. फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलच्या बाजूला हटला आणि अखेर उधव्याला शरण आला.

आता निवेदने पाहू. लिस्बनचे म्हणणे असे की, भारताच्या भूमीवरून, भारताच्या पाठबळाने आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी पोर्तुगालच्या शांत प्रदेशावर आक्रमण केले. दिल्लीचे म्हणणे असे की, हा परकीय जोखडाविरुद्ध गोमंतकीय राष्ट्रवाद्यांचा आणि स्थानिक जनतेचा उठाव आहे. भारतीय सेनेचा एकही सैनिक त्यात नाही.

यांतले खरे कोणते? भारतीय सेना सीमेपलीकडे गेली नव्हती, हे दिल्लीचे म्हणणे खरे होते. पण मुक्तिसैनिकांतील कित्येक जण पुण्या-मुंबईहून आले होते आणि भारतीय पोलिसांची त्यांच्याकडे मुद्दाम पाठ होती, हेही खरे होते. दिल्लीच्या निवेदनात ते नव्हते. लिस्बनला बाहेरून आलेली माणसे दिसत होती. परंतु पावणेदोन शतके ज्यांच्या छातीवर परकी ठाणी बसली होती त्या नगर हवेलीच्या वनवासी रयतेने फिदाल्गोला वाचविण्यासाठी बोटही का उचलले नाही, या प्रश्नाचे उत्तर लिस्बनच्या निवेदनात नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये पोर्तुगालने तटस्थ निरीक्षक नेमण्याची सूचना केली आणि भारताने ती तत्त्वतः स्वीकारलीही. परंतु निरीक्षक कोणी व्हायचे आणि त्यांनी नेमके काय पाहायचे, यावर एकमत झाले नाही. पाहणी झालीच नाही. राहिली ती दोन निवेदने.

सरकारी निवेदन बहुधा सरळ खोटे बोलत नाही. ते खरे निवडून बोलते. जे सोयीचे तेवढे उजेडात धरते आणि उरलेल्यावर पडदा टाकते. म्हणून निवेदनात काय आहे याइतकेच, निवेदनात काय नाही हे पाहणे महत्त्वाचे.

हेगच्या न्यायालयात मराठी

हा वाद पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये अर्ज दाखल केला. दमणहून नगर हवेलीला जाण्यासाठी भारतीय प्रदेशातून मार्ग मिळण्याचा आपला हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. भारताच्या वतीने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून न्या. एम. सी. छागला खंडपीठावर बसले.

तिथे मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट घडली. पोर्तुगालने आधार घेतला होता तो पेशव्यांशी १७७९ साली झालेल्या तहाचा. मराठ्यांनी आम्हाला या प्रदेशाचे सार्वभौमत्व दिले, असे त्यांचे म्हणणे. तहाच्या सतराव्या कलमात बारा हजार रुपये महसुलाची गावे लावून देण्याचा उल्लेख होता. प्रश्न हा होता की, मराठी मजकुराचा अर्थ काय? पंधरा-सोळा देशांचे न्यायमूर्ती मोडीतल्या मराठीच्या भाषांतरांवर विचार करीत बसले. न्यायालयाने निष्कर्ष काढला की, या शब्दांतून सार्वभौमत्व दिल्याचे सिद्ध होत नाही. पेशव्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, म्हणजे सरंजाम. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले, हेही न्यायालयाने नोंदविले.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या जाण्या-येण्याचा पोर्तुगालचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा हक्क ८ विरुद्ध ७ अशा एका मताने नाकारला गेला. आणि जुलै १९५४ मध्ये सीमेवर निर्माण झालेला तणाव पाहता भारताने मार्ग रोखला यात भारताचा दोष नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. दोन्ही सरकारांची निवेदने बाजूला ठेवून न्यायालयाने जुने कागद, जुनी वहिवाट आणि मूळ शब्द तपासले. निवेदनावर उतारा असतो तो मूळ कागदाचा.

न बोललेल्यांची किंमत

परंतु या विजयाची किंमत कोणी मोजली, तेही पाहिले पाहिजे. जोपर्यंत हेगला दावा उभा होता, तोपर्यंत आमचा या मोहिमेशी संबंध नाही, हीच भारत सरकारची भूमिका होती. कायद्याच्या दृष्टीने ती आवश्यक होती. पण ज्यांनी पावसापाण्यात, चिखलात, तुटपुंज्या शस्त्रांनिशी हा प्रदेश मोकळा केला, त्यांची पाठ थोपटणे सरकारला त्यामुळे अवघड झाले. ज्यांचे नाव निवेदनात येऊ शकत नाही, त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातही उशिरा येते.

मुक्त झालेला प्रदेशही अधांतरी राहिला. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे तिथे वरिष्ठ पंचायतीच्या नावाने स्वतंत्र कारभार चालला. जून १९६१ मध्ये पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. भारताबरोबर करार करायचा तर सही करणारा शासनप्रमुख हवा. म्हणून प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसासाठी पंतप्रधान करण्यात आले. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने विलीनीकरण अमलात आले ते ११ ऑगस्ट १९६१ रोजी. उधव्याच्या शरणागतीला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती.

आपल्या बाजूचेही तपासावे

राष्ट्रभक्त माणसाने शत्रूचे निवेदन तपासावे आणि आपल्या सरकारचे डोळे मिटून मानावे, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. न्याय्य पक्षाला सत्याचे भय नसते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोवा, दमण आणि दीवच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जण ठार झाले. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ त्यांपैकी एक. पोर्तुगीज सरकारच्या दृष्टीने हे घुसखोर होते, आपल्या दृष्टीने हुतात्मे. दिल्लीने संताप व्यक्त केला, पोर्तुगालशी संबंध तोडले. मात्र पुढच्याच महिन्यात सत्याग्रहींना सीमेपलीकडे जाण्यास मनाई केली. संतापाचे निवेदन आणि मनाईचा हुकूम एकाच सरकारचे होते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले तरच धोरण कळते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. पुढे एक कोळी मारला गेला. या घटना खऱ्या होत्या. परंतु त्यानंतर पोर्तुगीज सैन्याच्या मोठ्या जमवाजमवीची जी वर्णने प्रसृत झाली, ती अतिरंजित होती हे ‘ऑपरेशन विजय’नेच दाखविले. १८ डिसेंबरला कारवाई सुरू झाली आणि १९ तारखेला संपली. शेजारच्या दमणमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने कामगिरी फत्ते केली. भारताचे २२ जवान कामी आले. गोवा मुक्त करण्याचे कारण चारशे पन्नास वर्षांचे पारतंत्र्य हेच पुरेसे होते. त्याला फुगविलेल्या आकड्यांच्या टेकूची गरज नव्हती.

लिस्बनने तर कळस केला. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याची आज्ञा दिली होती. तिकडच्या वृत्तपत्रांत हातघाईच्या लढायांची वर्णने छापून येत होती, तेव्हा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी निष्कारण रक्तपात टाळून शरणागती पत्करली होती. त्यांना त्याबद्दल सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ साली पोर्तुगालमध्ये क्रांती झाल्यावरच त्यांना सन्मान परत मिळाला. निवेदनाशी न जुळणारे सत्य वागून दाखविणाऱ्याला अशी शिक्षा होते.

निर्वासितांची मोजदाद

अत्याचार आणि निर्वासित यांच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते, कारण तिथे आकडा हेच शस्त्र होते. १९७१ साली पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या भारताने जवळजवळ एक कोटी सांगितली. पाकिस्तान वीस लाखांच्या आसपासचा आकडा सांगत राहिला. परंतु निर्वासित छावण्यांत होते. परदेशी पत्रकार, डॉक्टर, संसद सदस्य तिथे जाऊन ती माणसे डोळ्यांनी पाहू शकत होते. म्हणून जगाने भारतावर विश्वास ठेवला. बळींच्या संख्येबाबत मात्र आजही मेळ नाही. बांगलादेश तीस लाख म्हणतो, पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगाने लष्करी कागदांवरून २६ हजारांचा आकडा मानला. मारणाऱ्याच्या दप्तरात मेलेल्यांची पूर्ण नोंद कधी सापडेल?

हे मौन फोडणाऱ्यांत आपल्या बेळगावात जन्मलेला एक पत्रकार होता. अँथनी मस्करेन्हस कराचीच्या वृत्तपत्रात काम करीत. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना पूर्व बंगालच्या दौऱ्यावर नेले. सर्व सुरळीत आहे असे त्यांनी लिहावे, ही अपेक्षा होती. मस्करेन्हस यांनी जे पाहिले ते कराचीत छापता येणारे नव्हते. ते लंडनला पोहोचले, बायकामुलांना सुखरूप बाहेर काढले आणि १३ जून १९७१ रोजी ‘संडे टाइम्स’मध्ये नरसंहाराची हकीकत प्रसिद्ध केली. सरकारने दाखविण्यासाठी नेलेल्या माणसाने, सरकारला लपवायचे होते ते सांगितले.

आपले काम

तेव्हा युद्धकाळातले कोणतेही निवेदन हाती आले की चार प्रश्न विचारावेत. बोलतो कोण? कोणाला उद्देशून बोलतो? त्यातून काय गाळले आहे? आणि जे सांगितले ते प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची मोकळीक तो देतो काय? जो पाहू देतो त्याच्या शब्दाला वजन असते. हा निकष शत्रूला जसा लावायचा, तसाच स्वकीयांना.

आणि एक काम विशेषकरून डहाणू-तलासरीच्या मंडळींचे आहे. १९५४ च्या पावसाळ्यात जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज ऐंशी ओलांडून गेले आहेत. उधवा आणि आसपासच्या पाड्यांत अशी माणसे अजून असतील. त्यांच्याकडे जावे. फिदाल्गोची माणसे कोणत्या वाटेने आली, हत्यारे कुठे ठेवली गेली, मुक्तिसैनिकांना वाट कोणी दाखविली, रात्री आसरा कोणी दिला, भाकर कोणी घातली, हे त्यांच्याच बोलीत विचारून लिहून घ्यावे. लिस्बनने आपले सांगितले, दिल्लीने आपले सांगितले, हेगने आपला निवाडा दिला. ज्यांच्या अंगणात हे सारे घडले त्या वारली, कोकणा, धोडिया घरांचे सांगणे अद्याप पुरते ऐकले गेलेले नाही. ते ऐकून घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.