फळी खरी असली पाहिजे

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘तरुण आणि आत्मविश्वास’ असा विषय दिला आहे. त्यावर व्याख्यान देण्याएवढी मी मोठी नाही. मी मुलामुलींना तायक्वांदो शिकवते. म्हणून मला ज्यातलं थोडं कळतं, त्याबद्दलच बोलते: फळी फोडण्याच्या स्पर्धेबद्दल, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही पाहिलं असेल. पांढऱ्या गणवेशातला कुणी येतो, जोरात ओरडतो आणि कौलांची चळत किंवा बर्फाची लादी फोडतो. टाळ्या पडतात. ते प्रात्यक्षिक झालं. स्पर्धेत मात्र हीच गोष्ट परीक्षा असते. तायक्वांदोत तिला ‘ग्योकपा’ म्हणतात, जपानी कराटेत ‘तामेशिवारी’. ‘तामेशी’ म्हणजे आजमावून पाहणं आणि ‘वारी’ म्हणजे फोडणं. ऑलिंपिकमध्ये २००० सालापासून तायक्वांदो पदकाचा खेळ आहे, पण तिथे फक्त लढती होतात. क्योकुशिन कराटेच्या मोठ्या स्पर्धांत लढत बरोबरीत राहिली आणि दोघांच्या वजनातही फारसा फरक नसला, तर कुणी जास्त फळ्या फोडल्या हे पाहून निकाल देण्याची पद्धत आहे. माणसांचं एकमत झालं नाही की फळीची साक्ष काढायची.

फळी साधीच असते. साधारण ३० सेंटिमीटर लांब-रुंद, दोनेक सेंटिमीटर जाड, बहुतेक वेळा पाइनची. लाकडाला रेषे असतात. रेषांच्या दिशेने फळी दुभंगते, आडवी तुटत नाही. ओल्या फळीपेक्षा कडक वाळलेली फळी लवकर तुटते. फळ्यांच्या चळतीत मध्ये चिपा ठेवल्या तर त्या एकामागून एक तुटत जातात, एकमेकींना चिकटून असल्या तर फार जड जातात. म्हणून चांगल्या स्पर्धेत सगळ्यांना आयोजकच सारख्या फळ्या देतात.

आपल्या चळवळीत आपण चमत्काराला प्रश्न विचारायला शिकतो. तोच प्रश्न इथेही विचारू या. हाताने लाकूड फुटतं ते कशामुळे? कुणी म्हणतं आतली गूढ शक्ती, कुणी म्हणतं उस्तादांची दुआ. याचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये रोनाल्ड मॅकनेअर हा माणूस होता. तो कराटेतला ब्लॅक बेल्ट होता आणि त्याने १९७६ साली एमआयटीतून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेऱ्याने कराटेचे फटके टिपून मोजमाप केलं आणि १९७९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला. तयार कराटेपटूचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगाने जातो आणि ३,००० न्यूटनपेक्षा जास्त बल लावू शकतो. म्हणजे क्षणभर तीनशे किलोचं वजन ठेवल्यासारखं. फटका बसला की फळी वाकते, तिची मागची बाजू ताणली जाते आणि चीर मागून सुरू होते.

हाताचा वेग सर्वात जास्त असतो तो हात पूर्ण सरळ होण्याच्या थोडं आधी. म्हणून आम्ही शिकवतो की फळीवर मारू नका, फळीच्या मागे मारा. बहुतेक मुलं शेवटच्या क्षणी घाबरून हात आखडतात. गंमत अशी की फळी तुटली तर फारसं लागत नाही. न तुटली तर जोर आपल्याच हाडांवर परत येतो. अर्धवट मनाने मारलेला फटका सर्वात जास्त दुखतो.

या मॅकनेअरची आणखी एक गोष्ट. तो कृष्णवर्णीय. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं लेक सिटी हे त्याचं गाव. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, तो गावच्या वाचनालयात पुस्तकं घ्यायला गेला. ते वाचनालय गोऱ्यांसाठी होतं. त्याला नकार मिळाला, पोलीस बोलावले गेले, आईला बोलावलं गेलं. पोरगा हलला नाही. शेवटी पुस्तकं घेऊनच घरी आला. पुढे तो अंतराळवीर झाला आणि १९८६ साली चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेत गेला. आज त्या वाचनालयाच्या जुन्या इमारतीला त्याचंच नाव आहे.

आता माझी चूक सांगते.

मी मुलींचा वर्ग सुरू केला तेव्हा मोहल्ल्यात कुरकुर होती. ‘मुलींना हे कशाला?’ ‘हातपाय मोडले तर लग्न कोण करणार?’ एका कार्यक्रमात प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. समोर तेच बुजुर्ग बसणार होते. सातवीतली एक मुलगी साइड किकने फळी फोडणार होती. सरावात तिची फळी कधी तुटायची, कधी नाही. मला वाटलं, हिची फळी तुटली नाही तर उद्यापासून वर्ग बंद. मी आठवडाभर फळ्या गच्चीवर उन्हात वाळवल्या. तरी धीर होईना. आदल्या रात्री करवत घेतली आणि फळीच्या मागच्या बाजूला बारीक चीर पाडली.

फळी बिस्किटासारखी तुटली. टाळ्या झाल्या. बुजुर्गांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. वर्ग वाचला.

दोन महिन्यांनी ती स्पर्धेत उतरली. तिथे फळ्या आयोजकांच्या होत्या. तीन प्रयत्न होते, तिन्ही गेले. टाच सुजली. परतीच्या एसटीत ती खिडकीशी गप्प बसली होती. मग विचारलं, ‘बाजी, त्या दिवशीची फळी कशी होती?’

मी खरं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘म्हणजे तुम्हालाच वाटलं नव्हतं, माझ्याच्याने होईल.’

मी मनाशी म्हणत होते की हे मी मुलींसाठी केलं, समाजासाठी केलं. पण तिने बरोबर ओळखलं होतं. माझा तिच्यावर विश्वास नव्हता.

ती तीन आठवडे आली नाही. मग आली आणि म्हणाली, ‘आता खरी द्या. नाही तुटली तरी चालेल.’ आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पायाची ठेवण, कंबर वळवणं, टाचेने मारणं, नजर फळीच्या पलीकडे. हातांनी फोडण्याची घाई मी लहान मुलांना करू देत नाही. वाढत्या वयात हाडांची टोकं कोवळी असतात. चारेक महिन्यांनी एका संध्याकाळी फळी धरायला एक जण कमी होता. तिचा मोठा भाऊ तिला न्यायला आला होता. या वर्गाला घरात सर्वात जास्त विरोध त्याचाच होता. मी त्याला म्हटलं, ‘धर ही बाजू. कोपर वाकवू नकोस.’ कारण धरणारे ढिले असले तर फटक्याचा जोर त्यांना मागे ढकलण्यातच जातो, फळी तुटत नाही. त्याने घट्ट धरली. दुसऱ्या फटक्यात फळी तुटली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. भावाने ते दोन तुकडे घरी नेले.

मित्रांनो, आपण आपल्या मुलांच्या फळ्यांना किती ठिकाणी करवत लावतो, ते पाहा. दहावीच्या केंद्राबाहेर कॉपी पुरवणारे काका. वक्तृत्व स्पर्धेसाठी मोठ्यांनी लिहून दिलेलं आणि मुलीने नुसतं पाठ केलेलं भाषण. इतिहास सांगताना फक्त आपले विजय. हे सगळं प्रेमापोटीच होतं, मीही प्रेमापोटीच केलं होतं. पण पुढे कधीतरी आयोजकांची फळी समोर येते.

हेही खरं की बाहेर आपल्या वाट्याला येणारी फळी पुष्कळदा इतरांपेक्षा जाड असते. भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांना सारखी फळी मिळावी, हे मागणं आपला हक्क आहे आणि ते संविधानाच्या भाषेत, ठामपणे मागितलंच पाहिजे. नऊ वर्षांच्या त्या पोराने हलायला नकार दिला, तो याचसाठी. पण पुस्तकं मिळाल्यावर त्याने ती वाचलीही.

आणि एक सांगते. फळी फोडता येते म्हणून माणूस बलवान ठरत नाही. बलवान कोण, याबद्दलची कुस्ती आणि रागाची हदीस तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. माझ्या वर्गात शिकलेलं रस्त्यावर वापरून दाखवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी वर्गात जागा नसते.

माझ्याकडे ती चीर पाडलेली फळी अजून आहे. नवीन मुलं विचारतात, तेव्हा मी तिची मागची बाजू दाखवते.

तुम्ही पुढे शिक्षक व्हाल, आईबाप व्हाल, कार्यकर्ते व्हाल. मुलांना खरी फळी द्या, आणि तुमच्या बाजूने ती घट्ट धरा. पहिल्या फटक्यात तुटली नाही, तर उद्या पुन्हा या म्हणा.