श्रेय गाडीचं की बाईचं?

(अभ्यासवर्गातील भाषण)

मैत्रिणींनो, मोटारींच्या शर्यतीत स्त्रीप्रश्न कुठे आला, असं काहीजणींना वाटेल. ऐका तर खरं.

मिशेल मूताँ ही फ्रान्सची, ग्रास गावची, जन्म १९५१. तिचा खेळ रॅलीचा. रॅली म्हणजे मैदानातल्या गोल फेऱ्या नव्हेत. जंगलातले, डोंगरातले खडीचे रस्ते, एकेक गाडी सुटते आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. शेजारी बसलेली सहचालक वळणावळणाची टिपणं वाचून दाखवते. मिशेलची सहचालक होती इटलीची फाब्रिझिया पोन्स.

सुरुवातीला वडिलांनी गाडी घेऊन दिली, पण वर्षभरात करून दाखव म्हणाले. तिनं दाखवलं. तर लगेच कुजबुज, इंजिनात काहीतरी घातलंय! तपासणी झाली, काही निघालं नाही. बाई वेगात गेली की आधी इंजिन उघडायचं.

१९८१ साली ऑडी क्वात्रो गाडीतून तिनं इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ मध्ये पोर्तुगाल, ग्रीस, ब्राझील. आता नवा सूर: क्वात्रोची चारही चाकं इंजिनाच्या जोरावर फिरतात, त्यात कुणीही जिंकेल! बरं, हिशेब मांडू. त्याच वर्षी तीच गाडी हानू मिकोला चालवत होता. पुढच्या, १९८३ साली तो जगज्जेता झाला, एवढा कसलेला. १९८२ मध्ये त्यानं दोन रॅली जिंकल्या, मिशेलनं तीन. मग गाडी कुणाची जास्त गुणी?

जगज्जेतेपद मात्र हुकलं. आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याच्या तोंडावर वडील वारले. तरी ती उतरली, तासाहून अधिक आघाडी घेतली. मग गिअरबॉक्स बिघडला आणि शेवटी अपघात. वाल्टर र्‍योर्ल १०९, मिशेल ९७ गुण. १९८६ मध्ये ती जर्मनीची राष्ट्रीय विजेती झाली. २०१० साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या स्त्रियांसाठीच्या आयोगाचं अध्यक्षपद तिच्याकडेच आलं.

आणि फाब्रिझिया? चारही विजयांत ती शेजारच्या खुर्चीत होती. पुढचं वळण किती तीव्र हे सांगणारा आवाज तिचा. तो चुकला तर दोघी दरीत. तरी विजेत्यांच्या यादीत आपण नाव शोधतो ते चालकाचं. चर्चेला फाब्रिझियापासून सुरुवात करू या.