आग शमली, तरी तपासणी थांबवू नये



आपल्या पंगतीत एखादी काकू वा वहिनी केवळ दहीभात मागून घेते. तिखटाचा कण लागला तरी तिच्या तोंडाची आग होते. पण ती कोणास सांगत नाही. गालाच्या आत पाहावे तो पांढऱ्या रेषांची जाळी, भोवती लाली, क्वचित व्रणही. या व्याधीस ओरल लायकेन प्लॅनस म्हणतात. चाळिशी उलटलेल्या स्त्रियांत ती विशेष आढळते. शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पेशीच तोंडाच्या अस्तरावर उलटतात, असे तिचे स्वरूप आहे. ती संसर्गजन्य नाही. म्हणून अशा भगिनीचे पेला-ताट वेगळे ठेवणे हा निव्वळ अन्याय होय.

आग होत नसेल, तर नुसत्या जाळीस बहुधा औषध लागत नाही. आग होत असल्यास डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात, ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का, किंवा अधिक तीव्र असे क्लोबेटासोल ०.०५ टक्के. स्टेरॉइड हे नाव ऐकूनच कित्येक जण कचरतात. परंतु गोळी सर्वांगात भिनते, मलम मुख्यतः लावल्या जागीच काम करते. मात्र त्वचेचे कोणतेही मलम आपल्या मनाने तोंडात लावू नये.

लावण्याचीही रीत आहे. ओल्या पाटीवर खडू उमटत नाही, तसेच लाळेने ओल्या जागी मलम टिकत नाही. जेवणानंतर चूळ भरावी, जागा स्वच्छ कापडाने टिपावी, पातळ थर द्यावा आणि निदान अर्धा तास खाणेपिणे वर्ज्य करावे. या उपचाराने तोंडात बुरशी येऊ शकते. तसे पांढरे थर दिसल्यास डॉक्टरांस दाखवावे.

आता मुख्य गोष्ट. मलमाने आग शमते, व्याधी समूळ जात नाही. ती वर्षानुवर्षे राहते. शंभरांत सुमारे एका रुग्णास कालांतराने त्या जागी कर्करोग होतो. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील त्या मुदतीने तोंड तपासून घ्यावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण वा कठीण गाठ दिसल्यास मुळीच विलंब करू नये. तंबाखू आणि सुपारी तर सर्वांनीच सोडावी.

घरातील स्त्रीने निमूटपणे सोसावे, हा तिचा सद्गुण मानण्याची रूढी आपण मोडू या. आज घरी गेल्यावर तिला एवढेच विचारा, "तोंडाची आग होते का?"