सैतानाची नोकरी

जग जिंकायला निघालेला सैतान युद्धात हरतो, पळतो आणि थेट आजच्या टोकिओत येऊन पडतो. जादू जवळजवळ संपलेली, भूक मात्र सोबत आलेली! मग स्वारी बर्गरच्या दुकानात तासांवर नोकरी धरते. सातोशी वागाहारा यांच्या कादंबऱ्यांवरून २०१३ मध्ये आलेल्या 'हाताराकु माओ-सामा' या जपानी कार्टून मालिकेची ही गोष्ट. नावाचा अर्थच मुळी 'नोकरी करणारे सैतान महाराज'!

महाराज ससाझुका भागात, जेमतेम दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहतात. सेनापती स्वयंपाक करतो, पैपैचा हिशेब ठेवतो. त्यांना मारायला आलेली वीरांगनाही कॉल सेंटरमध्ये फोन घेते. आपण हसत राहतो.

पण एकदा लोकांच्या भीतीतून सैतानाची शक्ती परत येते. शहर ताब्यात घ्यायची संधीच ती. तो मात्र लढाईत मोडलेलं सारं पूर्ववत करण्यात ती शक्ती खर्चून टाकतो आणि पुन्हा कामावर हजर होतो.

मला वाटतं, ज्यांना रोज हसून खाऊ घालायचं, त्यांचं वाईट करायला हात उचलत नाही. नोकरीनं त्याला पगाराबरोबर हेही दिलं.