तुटलेला तुकडा टाकू नका
(मंडळाच्या आरोग्य-व्याख्यानमालेतील भाषण)



क्रीडास्पर्धेत एखादे मूल पडते, पुढच्या दाताचा तुकडा उडतो, आणि घरची मंडळी तुकडा तेथेच टाकून मुलाला आम्हां दंतवैद्यांकडे आणतात. आमची पहिली विनंती हीच, की तो तुकडा दुधात वा पाण्यात ठेवून सोबत आणावा. पुष्कळदा तोच पुन्हा जागी चिकटविता येतो.

याचे मूळ १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखविलेल्या युक्तीत आहे. फॉस्फोरिक आम्लाने दाताचे कवच सूक्ष्म खरखरीत केले, की भरणद्रव्य त्यात घट्ट रुतते. तुकडा हरवलाच, तर दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटने तेवढा भाग घडविता येतो.

उपाय इजेच्या खोलीवर ठरतो. कवचाचा लहानसा टवका उडाला, तर कड घासून गुळगुळीत केली तरी भागते. आतील पिवळसर थर उघडा पडला, की गारठ्याने कळ येते. तो झाकावाच लागतो. गुलाबी ठिपका वा रक्त दिसले, तर नस उघडी पडली असे समजावे. कोवळ्या दातात ती जगविण्याचा यत्न होतो; प्रौढांत बहुधा रूट कॅनाल व वर टोपी. मुळापर्यंत उभा तडा गेलेला दात मात्र बहुधा काढावाच लागतो.

अखंड दात निखळला, तर तो माथ्याकडून धरावा, मूळ घासू नये, आणि दुधात घालून तासाभराच्या आत आणावा. दुधाचे दात मात्र परत बसवीत नाहीत.

दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. मार बसलेला दात कित्येकदा मुकाट्याने मरतो, आणि काळवंडल्यावरच आपल्याला ते कळते.