मांडव्याच्या शिवारातील मोजणीचे दगड

मुंबईहून लाँचने आलेला प्रवासी मांडव्याच्या धक्क्यावर उतरून अलिबागची बस गाठण्याच्या घाईत असतो. त्या रस्त्याच्या दुतर्फा, भातखाचरांच्या बांधांत आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या कोपऱ्यांत, मोजणी खात्याने पुरलेले काळ्या पाषाणाचे दगड अद्याप उभे आहेत, याची त्याला वार्ताही नसते. त्या दगडांच्या शोधाविषयी आज बोलावयाचे आहे. या विषयात माझे मन प्रथम गुंतले ते एका मापामुळे, म्हणून आरंभी ते मापच सांगतो.

जुन्या मोजणीदारांची साखळी तेहेतीस फुटांची असे. तिचे भाग सोळा, आणि त्या प्रत्येक भागास आणा म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे गुंठा, अर्थात 1,089 चौरस फूट. आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. ज्या गुंठ्याचा भाव आज मांडव्यापासून किहीमपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, तो गुंठा मुळात असा साखळीतून निपजला. उशिरा रेडिओ लावणाऱ्यांसाठी पुनः सांगतो: साखळी गुणिले साखळी, म्हणजे गुंठा.

आता या साखळीने दगड कसा सापडतो ते ऐका. प्रत्येक सर्व्हे नंबराचे एक टिपण दप्तरात असते. शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांतून एक रेषा काढावयाची, तीवर जागोजाग शंकू उभा करून बाकीच्या कोपऱ्यांपर्यंत लंब टाकावयाचे, आणि सर्व अंतरे साखळी-आण्यांत मांडावयाची, अशी त्याची रीत. म्हणून दोन मूळ दगड जागेवर शाबूत असले, तर हरवलेला तिसरा कोठे असावा हे टिपणच सांगते; आणि आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, तेव्हा चुकण्यास फारसा वाव राहत नाही.

मांडव्याच्या अलीकडे एका खाचरात मी हे पाहिले आहे. भात कापून झालेले, वालाची रोपे नुकती वर आलेली. टिपणाप्रमाणे साखळीची टोके जुळली ती बांधावरच्या करवंदीच्या जाळीत. शेताच्या वृद्ध मालकांनी कोयत्याने जाळी तोडली, पहार घेतली आणि हातभर अंतरावर ते टोचीत गेले. मातीत पहार मुकाट रुतत होती. एका ठिकाणी मात्र खणकन् वाजली. वीतभर गाळ उपसल्यावर दगडाचा माथा उघडा पडला, आणि त्यावर टाकीने कोरलेली फुली. आजोबांनी ओल्या बोटाने तिच्यातील माती काढली व म्हणाले, “आमचे बाबा दरवर्षी याला बघून जायचे.”

इतिहास थोडक्यात उरकतो. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, 120 बिघ्यांचा एक चावर. इंग्रजी अमलात प्रिंगल साहेबाची मोजणी फसली; 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात नवी पद्धत बसविली. या भागातले आंग्र्यांचे कुलाबा संस्थान 1840 च्या आसपास खालसा झाले, आणि पुढे ती पद्धत या किनाऱ्यावरही आली.

मात्र दगडाने जमिनीचा हक्क राखण्याची चाल याहून पुष्कळ प्राचीन आहे. अलिबागच्या दक्षिणेस आक्षी येथे शिलाहार राजा केशिदेवाचा दानलेख कोरलेला गद्धेगाळ, म्हणजे शापाचा दगड, आहे. त्याचा काळ शके 934, म्हणजे इसवी सन 1012, असा डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी लावला. काही अभ्यासक तो दोनशे वर्षांनी अलीकडे आणतात. दान मोडणाऱ्यास त्यावर शाप आहे. मनुस्मृतीत तर शिवेवर खापऱ्या, तूस, कोळसे असे न कुजणारे पदार्थ गुप्तपणे पुरावे असे सांगितले आहे. आणि शिवेचा तंटा उद्भवला म्हणजे गावगाड्यात महाराची साक्ष प्रमाण मानीत. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरे, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

वेळ संपत आल्याची खूण मला झाली आहे, तरी एवढे बोलू द्या. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने हद्दीच्या निशाण्या शाबूत राखण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आहे. परंतु बंगल्यांची आवारे सपाट करताना जेसीबीच्या एका फटक्यात दगड उखडला जातो आणि पायरीखालच्या भरावात जातो. आता उपग्रहाच्या साहाय्याने रोव्हर मोजणी करतात. ती उत्तम आहे, पण जुना नकाशा जमिनीवर बसविण्यास जुने बिंदूच लागतात, आणि ते बिंदू म्हणजे हे दगड. ते नष्ट होऊ देणे मला योग्य वाटत नाही.

ज्यांना असा दगड शोधावयाचा असेल त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज देऊन टिपणाची नक्कल घ्यावी आणि भातकापणीनंतर, बांध मोकळे असताना, घरातील वडीलधाऱ्यांस बरोबर घेऊन जावे. दगड सापडला तर तो हलवू नये. भोवतालचे रान काढावे, आणि शेजारच्या खातेदारास तेथे बोलावून, त्याच्या मुलांसह, तो दाखवून ठेवावा.