आधी वॉर्ड, मग नीट



डॉक्टरांच्या संघटनेच्या अधिवेशनात अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. दवाखान्यांवरचे हल्ले, नर्सिंग होमच्या नोंदणीचे नियम, विमा कंपन्यांकडे थकलेली बिलं हे सगळं छापील अहवालात आलं आहे आणि दुपारच्या सत्रात त्यावर ठराव यायचे आहेत. त्या ठरावांना माझा पाठिंबा आहे. मला मात्र आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. कार्यकारिणीत ती मी वर्षानुवर्षं मांडत आलो. दर वेळी ती ‘आयत्या वेळच्या विषयां’त गेली आणि वेळ संपला म्हणून राहिली.

आजारी माणसाला एकदाही हात न लावलेल्या मुलांना आपण डॉक्टर व्हायला पाठवतो. ही माझी तक्रार आहे.

दहावीचा निकाल लागला की मूल लातूरला जातं, कोट्याला जातं. दोन वर्षं क्लास, नाही जमलं तर रिपीटर बॅच. मग वैद्यकीय प्रवेशाची नीट: 180 प्रश्न, 720 गुण, तीन तास. 2024 साली या परीक्षेला 23 लाखांहून जास्त मुलं बसली. त्यातला हुशार मुलगा नेफ्रॉनची आकृती डोळे मिटून काढतो. पण लघवीची पिशवी कोण रिकामी करतं, किती वेळाने करतं आणि करणाऱ्याच्या तोंडावर काय असतं, हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याच्या घरातली आजी आजारी पडली तरी ‘तुझा अभ्यास बुडेल’ म्हणून त्याला दवाखान्यात पाठवत नाहीत.

तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळं ती मुलं नंतर शिकतातच. 2019 पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आहे, मग प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेण्याची योजना आली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते, बापाने कर्ज काढलेलं असतं आणि जागा सोडायची तर दंड असतो. ‘मला हे आयुष्यभर करायचं आहे का’ हा प्रश्न त्या वेळी विचारून काय उपयोग? तो दोन वर्षं आधी विचारायला हवा, आणि तो वॉर्डातच विचारता येतो.

मी तो विचारत आलो आहे. माझ्या रुग्णालयात उन्हाळ्यात दहावी झालेली मुलं येतात. त्यांना मी मावशींच्या हाताखाली देतो, डॉक्टरांच्या नाही. अर्धांगाच्या एका आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं. मावशींनी एका मुलाला चादरीची दोन टोकं धरायला सांगितलं. एक-दोन-तीन म्हणून दोघांनी वळवलं. मग पाठ पुसायची, माकडहाडावरची कातडी लाल झाली आहे का ते बोट दाबून बघायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवायची, चादरीची सुरकुती काढायची. मुलाचे हात थरथरत होते. आजींनी अडखळत विचारलं, “जेवलास का रे बाळा?” तो मुलगा बाहेर जाऊन रडला आणि दोन तासांनी बरोबर वेळेवर परत आला. शय्याव्रण म्हणजे काय, हे त्याला पुन्हा शिकवायची गरज पडली नाही.

उलटंही घडलं आहे, आणि तेही मला तितकंच मोलाचं वाटतं. एका किराणा दुकानदाराचा मुलगा पंधरवड्यानंतर माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, “सर, मला नाही जमणार. घरी जातो तेव्हा माझ्या डोक्यातून त्यांचं कण्हणं जात नाही.” वडील माझ्यावर चिडले. पोरगं डॉक्टर होणार होतं, तुम्ही घाबरवलंत, म्हणाले. तो मुलगा पुढे शेतकी महाविद्यालयात गेला, आज माती-परीक्षणाचं काम मन लावून करतो. हाच मुलगा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी कोलमडला असता तर त्याची जबाबदारी आपल्यापैकी कोणी घेतली असती?

मुलांना पुस्तकापलीकडे पारखावं, हे आपल्याकडे सुचलंच नव्हतं असं नाही. 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महाविद्यालय सुरू केलं. तिथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असायची, आणि नव्या तुकडीचे सुरुवातीचे दिवस आश्रमात श्रमदान करत जायचे. नीट आली आणि ती परीक्षा गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात उमेदवाराला समोर बसवून पारखत असत. ती पद्धत सोडायला लागू नये म्हणून 2017 साली त्यांनी एमबीबीएसच्या 100 जागांवर एकच विद्यार्थी घेतला. एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नीट सर्वांना लागू असल्याचं सांगितलं आणि तो वाद संपला. मला नीटशी भांडायचं नाही. कॅपिटेशनच्या पेट्या आपण पाहिल्या आहेत. एका परीक्षेने त्याला काही तरी लगाम बसला. पण डॉक्टर होण्याची ओढ परीक्षेतून येत नाही. त्या वेल्लोरच्या संस्थापक आयडा स्कडर यांना डॉक्टर व्हायचंच नव्हतं. आजारी आईच्या मदतीला त्या भारतात आल्या. एका रात्री तीन घरांतून माणसं त्यांच्या दारी आली. तिन्ही बाळंतिणींना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, आणि सकाळपर्यंत तिघी गेल्या. मग त्या अमेरिकेत परत जाऊन 1899 साली डॉक्टर झाल्या. आमच्या आनंदीबाई जोशींनीही स्वतःचं दहा दिवसांचं मूल गमावल्यावर डॉक्टर व्हायचं ठरवलं. आधी माणूस दिसला, मग पुस्तक उघडलं.

दुसरा आक्षेप असा की याचा फायदा डॉक्टरांच्याच मुलांना होईल. आज तो होतोच आहे. आपल्या मुलांना आपला वॉर्ड उघडा आहे, कंडक्टरच्या मुलीला नाही. अशीच एक मुलगी वडिलांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग रोज उभी राहून बघायची. “सर, बाबांना डिस्चार्ज मिळाल्यावरही मी आले तर चालेल का?” म्हणाली. मी हो म्हटलं. शेजारच्या खाटेवर साखर कधीच आटोक्यात न येणारे एक आजोबा होते. आम्ही डोस वाढवत होतो. तिने त्यांना विचारलं, “आजोबा, घरी इन्सुलिनची बाटली कुठे ठेवता?” बाटली चुलीवरच्या फळीवर, धगीत असायची. आम्हा एमडी लोकांपैकी कोणी हे विचारलं नव्हतं. त्या मुलीची लायकी कोणत्या ओएमआर शीटवर दिसली असती?

कोवळी मुलं रुग्णाजवळ काय करणार, असंही विचारतात. रुग्णाच्या कामी यायला पदवीच लागते असं नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून अक्षर न येणाऱ्या बायकांकडून गावाचं आरोग्य सांभाळून घेतलं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं वाचवली, आणि ते काम 1999 साली ‘लॅन्सेट’ने छापलं. मुलांना सुई द्या असं मी म्हणत नाही. सुई नाही, तपासणी नाही, खोलीत मोबाइल नाही, आणि रुग्णाने ‘नको’ म्हटलं की बाहेर. एवढं पाळलं की रुग्णाची अब्रू जपली जाते.

मात्र एक गोष्ट मी ठणकावून सांगतो. याला गुण नकोत, प्रमाणपत्र नको. माझी एक नात न्यू जर्सीत वाढली. तिथे मेडिकल स्कूलच्या सामायिक अर्जात 15 अनुभव लिहायची सोय आहे, आणि डॉक्टरामागे फिरलेले तास मुलं मोजून ठेवतात. तिने एका हॉस्पिसमध्ये मरणाच्या दारातल्या माणसांना वाचून दाखवलं. मला फोनवर म्हणाली, “आजोबा, तिथे बसले की अर्ज आठवत नाही.” तिचं मला समाधान आहे, पण त्या तासांच्या वहीची मला धास्ती वाटते. आपल्याकडे प्रमाणपत्राला किंमत आली की ते विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी उघडेल.

संघटनेने यासाठी छोटी नियमावली करावी आणि शाखांनी शाळांशी बोलावं. एक समिती नेमू, तपशील पुढच्या कार्यकारिणीत ठरवू. समितीची वाट मात्र बघू नका. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते, अकरावीचे वर्ग त्यानंतर काही महिन्यांनी लागतात. त्या मधल्या महिन्यांत तुमच्या रुग्णालयात दोन मुलं घ्या, त्यातलं एक तरी असं घ्या की ज्याच्या नात्यात डॉक्टर नाही. नोंदणीच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. चहाला जाताना तिच्यात आपल्या दवाखान्याचं नाव लिहा.